डीसीटी गाडी गचके का देते? आलापल्लीच्या रस्त्यावर शिकलेला धडा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ना' थोडे कमी केलेत. रेंज येते-जाते अशा ठिकाणी असाल तर पान आधीच सेव्ह करून ठेवा.)



गेले काही दिवस तुमच्या व्हॉइस नोट्समधून एकच प्रश्न येतोय. "ताई, गाडी ऑटोमॅटिक घेतली, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरला गचके देते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, नॉर्मल आहे. खरंच नॉर्मल आहे का?"

याचं उत्तर 'हो' पण आहे आणि 'नाही' पण आहे. कोणता गचका 'हो'वाला आणि कोणता 'नाही'वाला, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं ते आष्टी-आलापल्ली रस्त्यावर, भर मे महिन्यात, गाडीत आई असताना. तेव्हा आधी तो किस्सा सांगते, मग गिअरबॉक्स उघडून बघू. खरोखर नाही, शब्दांत.

त्या दिवशी काय झालं

मी चंद्रपूरला राहते. दादा आलापल्लीला. आई महिनाभर त्याच्याकडे होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरला तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. आईला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इन्सुलिन, असं सगळं घेऊन आम्ही दुपारी एकच्या सुमारास आलापल्ली सोडलं. सकाळीच निघायला हवं होतं, पण निघता निघता दादाच्या घरी जेवण होतंच. तुम्हाला माहीत आहे.

या रस्त्यावर सुरजागडच्या खाणीतलं लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक असतात. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना सांगायला नको. त्या दिवशी एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, एकाच बाजूनं वाहतूक सोडत होते. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे माझी गाडी. दहा फूट पुढे, थांब. पाच फूट पुढे, थांब. असं जवळपास पाऊण तास.

गाडी आधीपासूनच थोडे गचके द्यायची. मी म्हणायचे, असेल. त्या दिवशी मात्र गचक्याची थरथर झाली. खाली कोणीतरी पत्रा हलवतंय अशी. मग जळल्यासारखा वास. मग पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली की ट्रान्समिशन गरम झालंय. आणि दोन मिनिटांत गाडीनं ओढणंच सोडलं. रेस दिली की इंजिन ओरडतंय, गाडी जागच्या जागी.

कशीबशी कडेला घेतली. आणि घाबरून पहिली चूक केली. इंजिन बंद केलं. इंजिन बंद म्हणजे एसी बंद. बाहेर ४४-४५ अंश. मोबाइलला एक कांडी नाही.

"का झालं व गाडीले?" आई.

काय सांगणार? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पण मे महिन्यात सागाला पान नसतं. सावली कुठून येणार? थोड्या अंतरावर मोहाचं एक झाड होतं, नव्या पालवीनं भरलेलं. आईला तिथं नेऊन बसवलं. थर्मास तिच्या मांडीवर.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आला. वास घेतला आणि म्हणाला, "गाडी तापली जी ताई. क्लच जळाचा वास येऊन राहिला."

मी म्हटलं, "दादा, ऑटोमॅटिक आहे. हिला क्लच नसतो."

तो हसला. "पाय ठेवाले क्लच नसन. आतमधी तं असनच ना. मी तुमच्या मागंच होतो. ट्रक जरासा हालला का तुमी हालत होत्या. मी पन्नास फूट मोकळे होऊ देतो, मंग एका दमात जातो. दहा-दहा फुटासाठी क्लच कायले जाळाचा?"

मंडळी, गाडी घेतल्यापासून अडीच वर्षांत मला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. शोरूममध्ये नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये नाही, आणि मी जे पन्नास व्हिडिओ बघितले होते त्यांतही नाही.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी गाडी परत ओढायला लागली. आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी वेळेवर झालं. इन्सुलिनची शीशी मात्र मी टाकून दिली आणि नवी घेतली, कारण बर्फाचं कधीच पाणी झालं होतं. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

आत नेमकं काय असतं

आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' हा एकच शब्द चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतात. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीमध्ये ठरलेले गिअर नसतात, पट्टा आणि पुलीवर काम चालतं. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं आणि ते तेल धक्के गिळून टाकतं. चौथा प्रकार डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच. आजचा आपला पाहुणा.

नावातच सगळं आहे. क्लच दोन. एका क्लचकडे १, ३, ५, ७ हे गिअर. दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि बहुतेक वेळा रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चालताय तेव्हा दुसऱ्या बाजूला तिसरा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. जसं रिले शर्यतीत पुढचा गडी आधीच पळायला लागलेला असतो, तसं. म्हणून हायवेवर डीसीटीचा गिअर बदललेला कळत पण नाही.

ही कल्पना आजची नाही. आदोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं ती दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मांडली होती. १९८० च्या दशकात पोर्शनं ती रेसिंगच्या गाड्यांत वापरली. आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मधून ती सर्वसामान्यांना विकत मिळणाऱ्या गाडीत आली. गिअर कधी आणि किती अलगद बदलायचा हे ठरवायला कॉम्प्युटर लागतो. तो स्वस्त आणि वेगवान झाला तेव्हाच हे जमलं.

आता इथंच पहिला गचका दडलाय. पुढचा गिअर 'आधीच लावून ठेवायचा' म्हणजे कॉम्प्युटरला अंदाज करावा लागतो. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आहात. तुम्ही ब्रेक मारताय, म्हणून त्यानं पहिला लावून ठेवला. तेवढ्यात समोरची म्हैस रस्त्यातून बाजूला झाली आणि तुम्ही रेस दिली. आता त्याला पहिला काढून तिसरा लावायचाय. तो अर्धा क्षण अडखळतो, मग एकदम ओढतो. तुम्हाला लागतो गचका.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना बघा. गतिरोधक आला, वेग १० वर आणला, ओलांडायच्या आधीच परत रेस. पहिला की दुसरा, या घोळात गाडी दर वेळी मान हलवते. हा बिघाड नाही. त्याचा अंदाज चुकला, एवढंच.

खरा शत्रू उष्णता

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ट्रकवाले दादा जे म्हणाले तोच.

मॅन्युअल गाडीत तुम्ही 'हाफ क्लच'वर गाडी सरकवता. प्लेट अर्धी धरलेली, अर्धी सुटलेली, घासत घासत. डीसीटीमध्ये तेच काम तुमच्या वतीनं कॉम्प्युटर करतो. तुम्हाला दिसत नाही, पायाला जाणवत नाही, म्हणून वाटतं की क्लचच नाही.

जरा हिशोब करू. छोट्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण ८०० फेरे मारतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण धरला तर त्या फेऱ्यांवर गाडी ताशी ६-७ किलोमीटरनं चालते. याचा अर्थ काय? तुम्ही त्याहून हळू सरकताय, म्हणजे क्लच पूर्ण धरूच शकत नाही. धरला तर इंजिन बंद पडेल. म्हणजे तो घासतोच आहे. दर सेकंदाला.

आणि घासला की तापतो. नुसतं सरकताना क्लचमध्ये साधारण एक-सव्वा किलोवॅट उष्णता तयार होऊ शकते. म्हणजे घरची एक इस्त्री फुल करून गिअरबॉक्सच्या पेटीत ठेवली असं समजा. तीच गाडी चढावर ब्रेक न लावता नुसत्या रेसवर धरून ठेवली तर? मग पाच-सहा इस्त्र्या. बाहेर चंद्रपूरचा मे महिना, जिथं पारा ४७-४८ पर्यंत जातो. खाली तापलेला डांबरी रस्ता, पुढे ट्रकच्या इंजिनची गरम हवा. ती इस्त्री थंड कधी होणार?

इथं कोरडा आणि ओला हा फरक येतो. कोरड्या क्लचच्या प्लेटा हवेत असतात. वजनाला हलक्या, मायलेजला चांगल्या, पण उष्णता बाहेर टाकायला त्यांच्याकडे फक्त हवा आणि स्वतःचं लोखंड. ओल्या क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. तेल उष्णता वाहून नेतं, म्हणून त्या जास्त सहन करतात, पण ठरलेल्या किलोमीटरला तेल बदलावं लागतं. ह्युंदाई-कियाच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांतली सात गिअरची डीसीटी कोरडी. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ लिटर टीएसआयसोबत येणारी सात गिअरची डीएसजी पण कोरडी. टाटानं २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये आणलेली डीसीए ओली. यातली एक चांगली आणि एक वाईट असं नाही. फक्त आपल्या गाडीत कुठली आहे हे माहीत पाहिजे. मला अडीच वर्षं माहीत नव्हतं.

गचका सवयीचा की बिघाडाचा?

आता महत्त्वाचं. गचका कधी येतो आणि कसा येतो यावरून बरंच कळतं.

ब्रेक सोडून लगेच रेस दिली, किंवा गतिरोधकानंतर एकदम रेस दिली, तेव्हाच येतो आणि पाय हळू ठेवला की जातो? मग तो बहुतेक सवयीचा गचका आहे. पाय बदला, गचका बदलेल.

सकाळी गाडी थंड असताना ठीक, आणि अर्धा तास थांबत-सरकत गेल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर? मग क्लच तापतोय. तापून त्याच्या पृष्ठभागावर चकाकी आली की तो नीट धरत नाही, थरथरतो. सुरुवातीला थंड झाल्यावर बरं वाटतं. नंतर नंतर थंड असतानाही थरथर राहते. ती राहायला लागली की तपासणी हवीच.

गचका एखाद्याच गिअरला, कायम, पाय कसाही ठेवला तरी? एखादा गिअर लागतच नाही, सम किंवा विषम गिअर गायब होतात, डी टाकल्यावर धाडकन आवाज येतो, चालता चालता ओढणं सुटतं, पडद्यावर गिअरचं चिन्ह लुकलुकतं? हा सरळ बिघाड. त्यात तुमच्या पायाचा दोष शोधत बसू नका.

आणि एक चौथा प्रकार, ज्यात बिचारा गिअरबॉक्स निर्दोष असतो. स्पार्क प्लग गेलेला असला की जोर लावताना इंजिन अडखळतं. इंजिनचं रबरी माउंटिंग फाटलं की प्रत्येक बदलाला धडका बसतात. बॅटरी अशक्त असली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर विचित्र वागतो. म्हणून लाखाचा क्लच बदलण्याआधी या स्वस्त गोष्टी आधी बघून घ्यायच्या.

मी चालवण्यात काय बदललं

पहिली गोष्ट, अंतर. ट्रकवाल्या दादांचा नियम. पुढची गाडी हलली की लगेच हलायचं नाही. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग ब्रेक सोडून, हलकी रेस देऊन ताशी ८-१० च्या वर जायचं, म्हणजे क्लच पूर्ण धरतो. मग पूर्ण थांबायचं. पडोलीच्या चौकात मागचे हॉर्न मारतात. मारू दे. त्यांना क्लचचं बिल येत नाही, आपल्याला येतं.

दुसरी, थांबलं की ब्रेक घट्ट. बहुतेक डीसीटीमध्ये ब्रेक नीट दाबला की क्लच सुटतो. ब्रेक अर्धवट ठेवला की तो बिचारा पुढे ढकलत राहतो. जास्त वेळ थांबायचं असेल, म्हणजे रेल्वे फाटक वगैरे, तर एन किंवा पी. ऑटो होल्ड असेल तर लावून ठेवा.

तिसरी, चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवायची नाही. पुलाचा चढ असो की उड्डाणपूल, थांबायला ब्रेकच. आणि रिव्हर्समध्ये चढ चढणं सगळ्यात वाईट. अपार्टमेंटच्या रॅम्पवर उलटी गाडी घालायची माझी सवय होती, ती बंद केली.

चौथी, ब्रेक सोडून रेस देताना मधे एक श्वास. खरंच, एक श्वास. तेवढ्यात योग्य गिअर लागलेला असतो. गचक्यांतला निम्मा भाग एवढ्यानंच गेला.

पाचवी, मॅन्युअल मोड. ट्रकच्या मागे ताशी १५-२० नं लांबपर्यंत चालायचं असेल तर मी गाडी दुसऱ्यात अडकवून ठेवते. वर-खाली, वर-खाली थांबतं. फक्त वेग फार कमी झाला की मोड सोडायचा, नाहीतर दुसऱ्यातही क्लच घासतोच.

जंगलात सूचना आली तर

गरम झाल्याची पहिली सूचना आली की तेव्हाच थांबा. 'गाव येऊ दे मग बघू' करू नका. मी केलं.

जागा सुरक्षित बघा, पी टाका, हॅंडब्रेक लावा. आणि इंजिन बंद करू नका. काही गाड्यांच्या पडद्यावर तसं स्पष्ट लिहूनही येतं. इंजिन चालू असलं की पंखा हवा फिरवतो, ओल्या क्लचमध्ये पंप तेल फिरवत राहतो, आणि तुमचा एसीही चालतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मात्र आजच वाचा. त्या वेळी वाचायला सुचत नाही.

ताडोब्याच्या बाजूचा रस्ता असेल, संध्याकाळ असेल, तर गाडीतून उतरू नका. हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. मूल रोडवर रात्री फोटो काढायला उतरणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि हो, ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेऊ नका. आपल्याकडे पहिला उपाय तोच असतो. डीसीटी गाडीची इंजिनकडून फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढली तर गिअरबॉक्सला आतून इजा होऊ शकते. गाडी ट्रकवर चढवून न्यायची, किंवा पुढची चाकं उचलून. किती अंतर, किती वेग, हे पुस्तकात दिलेलं असतं. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर कागदावर लिहून ठेवा. आणि हेमलकसा, भामरागड, सिरोंच्याकडे जाताना शेवटची रेंज कुठं होती ते लक्षात ठेवा, म्हणजे कोणाला तरी मोटरसायकलनं तिथवर पाठवता येतं.

'नॉर्मल आहे' या उत्तराचं काय करायचं

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मी चालवणं बदलल्यावर बहुतेक गचके गेले. एक उरला. दुसऱ्या गिअरमधली थरथर. गाडी थंड असली तरी.

सर्व्हिस सेंटरचं नाव मी घेणार नाही. त्यांनी गाडी आवारात दोन चक्कर मारून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, डीसीटीला एवढं चालतंच. तुमची चालवायची पद्धत थोडी बदला."

हे वाक्य ऐकून मला एक खरी गोष्ट आठवली, ती तुम्हालाही माहीत असलेली बरी. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत पॉवरशिफ्ट नावाची ड्युअल क्लच होती. गाड्या थरथरायच्या. तक्रार घेऊन आलेल्या काही ग्राहकांना सांगितलं गेलं की दोष तुमच्या चालवण्याचा आहे, आणि कंपनीला तर अडचण माहीत होती. तिथल्या ग्राहक आयोगानं केस केली आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

दुसरं उदाहरण चीनचं. मार्च २०१३ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीच्या ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात डीएसजीच्या तक्रारी दाखवल्या, आणि काही दिवसांत फोक्सवॅगननं ३,८४,१८१ गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीनं जगभरातल्या लाखो गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला घेतलं. उष्ण-दमट हवा आणि सतत थांबत-सरकत चालणं, या दोन्हीत विजेच्या भागाला त्रास होत होता. उष्ण हवा, थांबत-सरकत चालणं. ओळखीचं वाटतं ना?

म्हणजे 'चालवायची पद्धत' हे कारण खरंही असतं आणि पळवाटही असते. दोन्हीतला फरक दाखवायला पुरावा लागतो. आणि पुरावा गोळा करायचं यंत्र तुमच्या हातात आहे, त्यावर तुम्ही आत्ता मला वाचताय.

मी काय केलं ते सांगते. तीन आठवडे चुलतबहिणीला शेजारी बसवून व्हिडिओ काढले. व्हिडिओत वेग, गिअरचा आकडा, फेऱ्यांचा काटा आणि बाहेरचं तापमान दिसेल असे. प्रत्येक वेळी एकच रस्ता, एकच गतिरोधक. एका वहीत तारीख, वेळ, गाडी गरम की थंड, एवढंच लिहिलं. मग सर्व्हिस सेंटरला फोन न करता ईमेल केला. आणि गेले तेव्हा टेक्निशियनला शेजारी नाही, स्टिअरिंगवर बसवलं. त्याच रस्त्यावर नेलं. त्याच्या पायाखाली गाडी थरथरली, मग 'तुमची पद्धत' हा विषयच संपला.

नंतर तीन गोष्टी मागा. एक, स्कॅनरवर साठलेले फॉल्ट कोड. दोन, क्लचची झीज आणि जुळवणीचे आकडे. क्लच जसा झिजतो तसा कॉम्प्युटर त्याची पकड कुठून सुरू होते ते पुन्हा शिकत असतो, आणि ते शिकणं नव्यानं करून घेता येतं. सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का तेही विचारा. बऱ्याच गाड्यांचा गचका एवढ्यावरच कमी होतो. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. "दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, थंड गाडीतही." 'जनरल चेकअप' असं लिहिलं तर उद्या तुम्ही कधी तक्रार केलीच नव्हती असं होतं.

माझ्या गाडीत जुळवणी नव्यानं केली, आठ दिवस बरी चालली, परत थरथर. शेवटी पेटी उघडली. क्लचची प्लेट जळून चकाकली होती. वॉरंटी संपायला तीन आठवडे होते. तीन. क्लच वॉरंटीतून बदलून मिळाला, आणि तो मिळाला कारण पहिल्या तक्रारीची तारीख कागदावर होती. काही कंपन्या क्लचला 'झिजणारा भाग' म्हणून वॉरंटीत धरत नाहीत किंवा कमी काळ धरतात. तुमच्या वॉरंटीच्या वहीत ती ओळ शोधा.

नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक फार चांगली सोय केलीय. गाडी नागपुरात घेतली असली तरी तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाला गडचिरोलीत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

शेवटचं

"मग डीसीटी घेऊ की नको?" हा प्रश्न येणारच आहे. रोज चंद्रपूर-नागपूर मोकळा हायवे असेल तर घ्या, मजा येते. रोज कोळशाच्या ट्रकमागे घुग्घूसला जायचं असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी आधी चालवून बघा. ओल्या क्लचचीही टेस्ट ड्राइव्ह घ्या. आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. दुपारी घ्या, गर्दीत घ्या, एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून.

आई आता परत आलापल्लीला गेलीय. डोळा छान आहे. परवा तिला सोडायला मीच गेले होते, तीच गाडी, तोच रस्ता, तशीच ट्रकची रांग. मी पुढे पन्नास फूट जागा सोडून शांत थांबलेली. मागून हॉर्न.

आई म्हणाली, "चाल ना व पुढं, जागा झाली ना."

म्हटलं, "होऊ दे अजून थोडी."

चला मंडळी, तुमच्या गाडीचा गचका कोणत्या प्रकारचा निघाला ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. गाडी थंड होती की गरम, तेवढं मात्र सांगा. पुढच्या भागात भेटू. सांभाळून चालवा, अंतर ठेवून चालवा.